चुन्याच्या पान्याचं घमेलं

आमचं आप्पा मातीचा वास घिऊन पानमळ्याचं दुखनं सांगायचं. गुडघं टेकून वेलाच्या बुडख्याची चिमूटभर माती उचलायचं, नाकाशी धरायचं, डोळं मिटायचं. मी जवळ असले की आदी हटकायचं, "सुमन, कांदा खाऊन आलीस व्हय गं? सरक तिकडं. मला वेलाचा वास येऊ दे की!" सोता जैन, कांद्याला शिवायचं न्हाईत. मी म्हनायची, "आवं आप्पा, आमच्या भाकरीसंगं दुसरं काय असतंय?" मग हसायचं. जाऊन वरीस झालं त्यास्नी.

मिरजेच्या पुढं आमचं गाव. नवरा वारला तवापास्नं मी आप्पांच्या मळ्यात रोजानं. वेल बांदायचं, खायची पानं खुडायची. पानमळ्यात पायतान घालून जायचं न्हाई, देवळागत, ही आमच्याकडची रीत. सगळी अनवानीच. पन आप्पांनी फाटकाशी चुन्याच्या पान्याचं घमेलं ठेवलेलं. त्यात पाय बुडवल्याबिगर कुनाला आत सोडायचं न्हाईत. बाया टर उडवायच्या, "आप्पा, पाय धुऊन लगीन लावताय व्हय आमचं?" आप्पा म्हनायचं, "देवाला चिखल चालतो गं. वेलाला चालत न्हाई."

मला लिवाय-वाचाय येत न्हाई, पन रोग त्यांनी शिकवला. पानावर पांढरं पीठ, अंगठ्यानं पुसलं जातंय, ती भुरी. वाळका डाग, भवतीनं पिवळी कड, त्यो करपा, पान तोडून लांब न्हिऊन जाळायचं. "पन पान भिजल्यावानी काळं पडलं, बुडखा बुळबुळीत लागला, की ती मर. हात लावू नगंस. मला हाक मार." फवाराय मोरचूद आन चुना कालवला की त्यात विळा बुडवून बघायचं. विळ्यावर तांबूस चढलं की वरडायचं, "अजून चुना वत, पानं भाजतील!"

तीन पावसाळ्यामागं शेजारच्या मळ्यात मर लागली. वेल उभ्या-उभ्या बसाय लागलं. मेलेलं वेल उपटाय त्या मळेवाल्यांनी बाया बोलीवल्या. घरात गरज व्हती, सकाळची मी तिकडं जायची, दुपारनं आप्पांकडं. आप्पा एवढंच म्हनलं, "येताना पाय धू गं बाई."

तीन दिस धुतलं. चवथ्या दिशी पाऊस लय. घमेलं भरून गढूळ झालेलं, चुना वाहून गेलेला. आप्पा फाटकाशी न्हवतं. नवं पानी कालवायचा कंटाळा केला मी. तशीच चिखलाच्या पायानं आत गेले आन फाटकाजवळच्या पयल्या वेलापास्नं खुडाय लागले.

पंदरा दिसांत त्योच वेल मान टाकून बसला.

आप्पांनी गुडघं टेकलं, माती नाकाशी धरली. मी शेजारीच हुबी व्हते. कांदा खाल्ला व्हता त्या दिशी, पन त्यांनी हटकलं न्हाई. लय येळ डोळं मिटलेलं. "आली," एवढंच म्हनलं.

मग काय न्हाई केलं? पानी तोडलं, चर खनलं, मेलेला वेल मातीसकट पोत्यात भरून लांब न्हिऊन जाळला. बुडख्याबुडख्याला मोरचुदाचं पानी वतलं. आप्पांच्या लेकानं मोबाइलवर शेतकी हापिसात फोटू पाठवलं, तितलं साहेब बी येऊन गेलं. वरनं पाऊस थांबंना. आज वेलांची ही वळ बसली, उद्या ती. सकाळी जाऊन मोजायचं न्हाई, नुसतं बघायचं. आमच्या हातात तेवढंच ऱ्हायलं.

एकदा मी म्हनलं, "आप्पा, माझ्या पायानं आलं हे."

"पाऊस लय हुता गं," आप्पा म्हनलं आन दुसरीकडं बघाय लागलं.

शेवटचा वेल उपटला त्या दिशी मी निघाले, तर आप्पा फाटकाशी हुबं. म्होरं घमेलं. पानी ताजं, दुधागत पांढरं.

"धू पाय."

"आवं आप्पा, आत ऱ्हायलंय काय आता?"

"आत न्हाई गं. भाईर जाताना धू. उद्या कुनाच्या तरी मळ्यात जाशील."

मी पाय बुडवलं. आप्पा खाली बसलं आन माझ्या टाचंच्या भेगंतली माती बोटानं काढाय लागलं. "नगं आप्पा, नगं," मी म्हनत ऱ्हायले. ऐकलं न्हाई. एका भेगंतली चिमूटभर माती त्यांनी सवयीनं नाकाशी न्हेली, डोळं मिटलं, आन पान्यात सोडली.