डाव्या बाजूचे गोल

सातपूरच्या कामगार वसाहतीत आमची एक फुटबॉल टीम होती. नव्वदच्या दशकातल्या त्या चार-पाच वर्षांत तिच्यासाठी जीव टाकणारी माणसं फार तर पंधरा-वीस असतील. बाकी सगळी वसाहत क्रिकेटची. जिल्ह्याच्या लीगमध्ये आम्ही खालच्या गटात खेळायचो. थंडीत, रविवारी सकाळी मॅच असायची आणि तिची खरी तयारी शनिवारी दुपारी वसाहतीच्या तोंडाशी असलेल्या सलूनमध्ये व्हायची.

सलूनवाला स्वतः कधी फुटबॉल खेळला नव्हता, पण टीमचा त्याच्याइतका अभ्यास कुणाचाच नव्हता. दाढीचा ब्रश फेसात बुडवून तो आरशावर अकरा ठिपके काढायचा. पहिला ठिपका गोलकीपरचा. त्यावर कधी चर्चा व्हायची नाही. भांडण सुरू व्हायचं ते पुढे, बचावाला चार बॅक ठेवायचे की तीन, लेफ्ट आउटला कोण, सेंटर फॉरवर्ड पहिल्या पाळीचा घ्यायचा की रात्रपाळी करून आलेला. फेस ओघळायचा, ठिपके खाली सरकायचे, तो पुन्हा काढायचा. खुर्चीतलं गिऱ्हाईक अर्धवट दाढीनं बसून राहायचं आणि तेही वादात पडायचं.

मी तेव्हा सत्तावीस वर्षांचा होतो. एका कारखान्यात क्वालिटी विभागात काम करायचो. तयार झालेले पार्ट मापायचे, बिघडलेले बाजूला काढायचे. खेळण्यात मी कच्चा, म्हणून मैदानाबाहेरच उभा राहायचो, हातात वही घेऊन. प्रत्येक मॅचला मी गोलपोस्टचं चित्र काढायचो आणि गोल कुठून आला तिथे फुली मारायचो. लोक मला वहीवाला म्हणायचे. मला ते आवडायचं.

आमचे गोलकीपर चाळिशीला आलेले होते. मूळचे सिन्नरकडच्या एका खेड्यातले, तिथे कबड्डी खेळायचे. नोकरीसाठी सातपूरला आले, एका फाउंड्रीत क्रेन चालवायला लागले आणि टीमला उंच माणूस हवा होता म्हणून गोलमध्ये उभे राहिले. ते बारा वर्षं तिथेच उभे होते. त्यांना सगळे दादा म्हणायचे. बोलणं कमी. मॅच संपली की जाळी सोडून, घडी घालून, खांद्यावर टाकून तेच घेऊन जायचे. फाउंड्रीत छताखालच्या केबिनमध्ये बसून वितळलेल्या लोखंडाचं भांडं ते एका टोकाहून दुसऱ्या टोकाला न्यायचे. एकदा मला म्हणाले होते, "वरून समदी माणसं टोप्याच दिसत्यात. टोपी हलली का थांबायचं. एवढंच काम हाय."

ज्या वर्षाबद्दल सांगतोय त्याच्या आधीच्या हिवाळ्यातली गोष्ट. मॅचनंतर आम्ही मिसळ खायला गेलो होतो. दादा माझ्या उजव्या हाताला बसले होते. चहा आला तेव्हा मी त्यांचा ग्लास त्यांच्यासमोर, डावीकडे ठेवला. ते बोलत होते. बोलता बोलता त्यांचा हात टेबलावर फिरला, ग्लासला लागला आणि चहा सांडला. "माझंच लक्ष नाय," म्हणाले. मी फडकं घेतलं आणि टेबल पुसलं. पण मापं घेणाऱ्या माणसाला सवय असते. माझ्या डोक्यात काहीतरी अडकलं. पुढच्या काही मॅचेसमध्ये मी पाहिलं, डावीकडून उंच आलेल्या चेंडूकडे ते मान वळवून बघतात, आणि वळेपर्यंत उशीर होतो. घरी येऊन मी वही उघडली. फुल्या दादांच्या डाव्या हाताच्या खांबाकडे दाटल्या होत्या.

हे मी कुणालाही सांगितलं नाही. का नाही सांगितलं, याचं उत्तर मला आजही नीट देता येत नाही. त्यांच्याजवळ जाऊन "दादा, तुम्हाला डाव्या बाजूचं दिसतं ना?" असं विचारायला अवघड वाटत होतं, हे खरं. पण आणखी एक गोष्ट खरी आहे. ती माहिती फक्त माझ्याकडे होती, आणि ती असण्यात मला मजा वाटत होती.

पुढच्या हिवाळ्यात टीम अगदी तळाला गेली. शेवटच्या मॅचला निदान बरोबरी हवी होती, नाहीतर लीगमधूनच बाहेर. समोरची टीम ओझरकडची, आमच्या डाव्या कडेवरून गोलसमोर उंच क्रॉस टाकणारी. त्या शनिवारी सलून गच्च भरलं होतं. खुर्चीत फोरमन बसले होते. ते दादांच्याच फाउंड्रीत फोरमन होते आणि टीमही तेच निवडायचे. तोंडाला फेस लावलेला, मान मागे टेकलेली, डोळे मिटलेले.

"चार बॅक घ्या," सलूनवाला म्हणाला. "बरोबरीच पाहिजे तर पुढे कशाला जायचं?"

"चार घेतले की मधे भोक पडतं," कुणीतरी म्हणालं. "तीनच ठेवा आणि मधल्या फळीतला हाफ मागे ओढा."

तासभर हेच चाललं. आणि मग मी वही काढली.

"बॅक तीन ठेवा नाहीतर पाच," मी म्हणालो, "गोल तिथून होतच नाहीत. गोल इथून होतात." मी आरशावर बोट ठेवलं. "यंदाचे बहुतेक सगळे डावीकडून, वरून."

"सकाळचं ऊन असतं डोळ्यांवर," सलूनवाला म्हणाला.

"हाफ टाइमला बाजू बदलतात ना? ऊन एकदा उजवीकडून येतं, एकदा डावीकडून. गोल मात्र दोन्ही हाफमध्ये डावीकडूनच."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मला तो क्षण अजून आठवतो, कारण मला तो फार आवडला होता. मी सावकाश बोललो. मिसळीच्या टेबलावरचा ग्लास सांगितला, मान वळवणं सांगितलं, आणि शेवटी म्हणालो, "दादांना डाव्या डोळ्यानं दिसत नाही. वर्षभर मी बघतोय."

फोरमननी डोळे उघडले.

"वर्षभर?"

"हो."

"खात्री आहे?"

मी वही पुढे केली. त्यांनी ती घेतली नाही. अंगावरचं कापड स्वतःच सोडलं, त्याच कापडानं फेस पुसला आणि एक गाल तसाच ठेवून उठले. दारात थांबून ते म्हणाले, "त्या क्रेनखाली चाळीस माणसं असतात रे." आणि गेले.

मला क्रेन आठवलीच नव्हती. मी टीमचा विचार करत होतो. टीमचासुद्धा नाही, माझ्या वहीचा.

थोड्या वेळानं दादा आले. शनिवारी ते नेहमी उशिराच यायचे, पाळी सुटल्यावर अंघोळ करून. आरशाकडे बघत त्यांनी विचारलं, "काय ठरलं मग?"

सलूनवाला वस्तरा पुसत राहिला. बाकीचे चपला शोधायला लागले. कुणीतरी उत्तर द्यायलाच हवं होतं.

"चार बॅक," मी म्हणालो.

"बरं झालं," दादा म्हणाले आणि दाढी करायला बसले.

दुसऱ्या दिवशी गोलमध्ये कॉलेजात जाणारा आमचा बदली गोलकीपर उभा राहिला. दादांना फोरमननी सकाळी मैदानावर बाजूला नेऊन काहीतरी सांगितलं. दादांनी मान डोलावली, हातमोजे काढून त्या पोराला दिले आणि गोलमागे जाऊन उभे राहिले. पूर्ण मॅचभर ते तिथून त्याला सांगत होते, "पुढं ये. आता माघं. खांबाला धर." डावीकडून क्रॉसवर क्रॉस आले. पोरानं सगळे अडवले. मॅच बरोबरीत सुटली आणि आम्ही लीगमध्ये राहिलो. लोकांनी माझ्या पाठीवर थापा मारल्या. जाळी त्या दिवशीही दादांनीच सोडली. तिचं एक टोक हुकात अडकलं होतं, ते त्यांना सापडत नव्हतं. मी दहा पावलांवर उभा होतो. गेलो नाही.

सोमवारी फोरमननी त्यांना डॉक्टरकडे पाठवलं. काचबिंदू निघाला. डावा डोळा जवळजवळ गेलेला होता आणि उजव्याचंही बरंच नुकसान झालं होतं. हा आजार दुखत नाही, कडेकडेनं नजर खात जातो, माणसाला कळतसुद्धा नाही, असं डॉक्टर म्हणाले. दादांना थोडं कळलं होतं. मोतीबिंदू असेल, पिकला की काढू, असं धरून ते चालले होते. आणि क्रेनवरून उतरवतील ही भीती होतीच. डॉक्टरांनी आणखी एक गोष्ट सांगितली, ती मला सलूनवाल्याकडून कळली. वर्षभर आधी आले असते तर थेंब टाकून, ऑपरेशन करून, निदान उजवा डोळा तरी पुष्कळ वाचवता आला असता.

सलूनवाल्यानं हे सांगितलं तेव्हा मी खुर्चीत होतो. आरशात त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली. त्यानंतर मी शनिवारी सलूनमध्ये जायचं सोडलं. आधी कामाचं निमित्त, मग लग्नाचं. वही घरात कुठेतरी होती. घर बदलताना रद्दीत गेली असावी.

दादांना फाउंड्रीनं पॅकिंगला बसवलं. फोरमननी त्यासाठी बरीच धावपळ केली होती. चार वर्षं तिथे काढली, मग नजर आणखी उतरली आणि ते नोकरी सोडून गावी गेले. टीम त्याच सुमारास मोडली. दोन-तीन कारखाने बंद पडले, खेळणारे पांगले. दोन हजार सालानंतर लीगमध्ये आमच्या वसाहतीचं नाव नव्हतं. फोरमन मुलाकडे राहायला गेले.

मी दादांना भेटायला गेलो तो थेट दोन हजार चार-पाचच्या सुमारास. कामासाठी सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीत गेलो होतो, दुपार मोकळी होती. स्टँडजवळून जीप मिळाली. गाव लहान, घर लगेच सापडलं. अंगणात वहिनी ज्वारी पाखडत होत्या. मी ओळख सांगितली तशा सूप खाली ठेवून त्या माझ्याकडे बघत राहिल्या.

"तुमीच का ते वहीवाले?"

"हो, वहिनी."

"बसा," म्हणाल्या आणि आत गेल्या. पाणी आणलं ते त्यांच्या सुनेनं.

दादा ओट्यावर बसले होते, बारीक झाले होते. माझा आवाज त्यांनी पटकन ओळखला. मग एकेकाची चौकशी केली. सेंटर फॉरवर्ड काय करतो, लेफ्ट आउट कुठं गेला. टीम मोडली हे त्यांना माहीत होतं, तरी ते त्या शेवटच्या मॅचवर आले.

"चार बॅक चुकीचं व्हतं," ते म्हणाले. "मी माघून बघत व्हतो ना. जेवढं दिसत व्हतं तेवढं. उजवा बॅक नुसता उभा व्हता. तीन ठेवले असते, एक माणूस पुढं सोडला असता, तर आपण ती मॅच जिंकलो असतो."

"खरंय," मी म्हणालो. आम्ही त्यावर बराच वेळ बोललो. इतकी वर्षं झाली होती तरी त्यांना कोण कुठे उभं होतं ते पाठ होतं. मी एका ठिकाणी चुकलो तर त्यांनी दुरुस्त केलं.

आत भाकऱ्या थापल्याचा आवाज येत होता. मी म्हणालो, "दादा, तुमच्या डोळ्यांचं सलूनमध्ये मी बोललो होतो."

"म्हाईत हाय. न्हाव्यानं दुसऱ्याच दिवशी सांगितलं." मग म्हणाले, "त्याचं काय नाय. फोरमननं बरोबर केलं. माझ्या हातून एखाद्याच्या अंगावर भांडं आलं असतं, म्हंजे?"

मला बरं वाटलं. पण ते थांबले नव्हते.

"वर्षभर बघत व्हते म्हनं तुमी."

"हो."

"मंग मला का नाय सांगितलं?"

त्यांच्या आवाजात राग नव्हता. खरोखरच विचारत होते, उत्तर हवं होतं त्यांना. मी म्हणालो, "तुम्ही ऐकलं असतं का, दादा?"

त्यांनी विचार केला. "नसतं ऐकलं बहुतेक. ‘जा बाबा, तुझं काम कर,’ म्हनलो असतो." मग ओट्याच्या कडेवरून हात फिरवत म्हणाले, "पन सांगायला पायजे व्हतं."

वहिनींनी जेवायला थांबा म्हटलं, अगदी दारात येऊन, पण शेवटची जीप पाचला होती. दादा वाटेपर्यंत सोडायला आले, नातवाच्या खांद्यावर हात ठेवून. "येत जा," म्हणाले. "गावात फुटबॉलचं बोलायला कुनी नाय."

मी येईन म्हणालो. दिवाळीनंतर नक्की, असंही म्हणालो. त्या वर्षी जमलं नाही, पुढच्या वर्षीही नाही. सिन्नरला मात्र मी कामासाठी महिन्यातून एकदा जातच होतो. तीनेक वर्षांनी सलूनवाला मला मेन रोडवर भेटला आणि दादा उन्हाळ्यातच गेल्याचं त्यानं सांगितलं. तो दहाव्याला जाऊन आला होता.

"तुझा फोन नंबर नव्हता," तो म्हणाला.

नंबर त्याच्याकडे होता. मीच दिला होता.