कच्च्या दुधाचे चीज

साताऱ्याच्या मैत्रिणींनो, आणि माझ्यासारख्याच उतारवयात गाव सोडलेल्या अपरिचितांनो, लिहिण्याचा अधिकार नसताना लिहीत आहे, याबद्दल आधी क्षमा मागते. तीस वर्षे संस्कृत शिकवले, पण ते दुसऱ्यांचे लेखन उलगडून दाखवणे होते. स्वतःचे सांगण्याची मला सवय नाही.

मी निघाले त्या सकाळी तुम्ही स्टँडवर आला होतात. "तंजावरातही मराठीच बोलतात, मग तुला भीती कसली?" असे म्हणून तुम्ही हसलात. माझ्या लेकीला, मुग्धाला, तेव्हा पाचवा महिना लागला होता आणि तिने मला कायमचेच राहायला बोलावले होते. मी हसले नाही, हे तुमच्या लक्षात आले का, ठाऊक नाही.

तंजावरच्या राजवाड्यामागच्या या गल्लीत मराठी आहे खरे, पण त्याची चाल तमिळ. माझ्या विहीणबाई जुन्या वळणाचे बोलतात. साताऱ्यात माझ्या ओट्यावर मला विचारणारे कुणी नव्हते. इथे पातेले उचलतानाही मी परवानगी घेई. घरातले प्रत्येक काम आधीच कुणाचे तरी होते. म्हणून मुग्धा एकदा "ताजं चीज खावंसं वाटतं" म्हणाली, तेव्हा मी ते काम झडप घालून घेतले. ते या घरात कुणालाच येत नव्हते.

व्हिडिओ पाहिले, दूध घट्ट करणारे शाकाहारी रेनेट मागवले. विहीणबाई दारातूनच म्हणाल्या, "अय्यो! घरांत पोटुशी असतां जाणून दूध फाडायचें?" मी म्हटले, "फाडायचे नाही, जमवायचे." त्या म्हणाल्या, "तुम्ही शिकलेल्या. तुमचें फाटलेलेंहि जमतें."

पहिल्या दिवशी जमले नाही. हात सवयीने चालला आणि दूध उकळून गेले. उकळलेल्या दुधाचा नीट गोळा बसत नाही. दुसऱ्या खेपेला तिरुवैयारूहून येणाऱ्या गवळ्याचे दूध न उकळता, नुसते कोमट करून त्यात रेनेट घातले. तासाभराने सुरी घातली तर स्वच्छ चीर पडली. आयुष्यात इतका आनंद मला क्वचितच झाला असेल. मुग्धाने मीठ लावून दोन मोठे तुकडे खाल्ले.

दुसऱ्या दिवशी त्या व्हिडिओंसोबतचा पुढचा धडा वाचत होते. तळाशी लिहिले होते: कच्च्या दुधाचे मऊ चीज गर्भवतीने खाऊ नये, त्यातल्या जंतूंनी बाळाला अपाय होऊ शकतो.

मी ते वाक्य, एखादा अवघड श्लोक लावावा तसे, पुन्हा पुन्हा वाचले. दुसरा अर्थ निघाला नाही. मुग्धा शिंकली तरी मी उठून तिला बघून येई. माझ्या हौसेने माझ्याच नातवंडाचे काही झाले तर? आणि हे सांगायचे कुणाला? ज्यांनी आधीच नको म्हटले होते, त्यांनाच?

अखेर दुपारी विहीणबाईंच्या खोलीत गेले. त्या फुले ओवत होत्या. मी सगळे सांगितले. त्यांचे हात थांबले. मग म्हणाल्या, "आतां रडूं नका. चप्पल घाला. लेकीला मी सांगूं?"

"नको. मीच सांगते."

मुग्धा आधी हसली. "आई, नापास झाल्यासारखं तोंड काय केलंयस?" मग तिचा हात पोटावर गेला. तो हात मला अजून दिसतो.

आम्ही तिघी ऑटोने डॉक्टरांकडे गेलो. डॉक्टर म्हणाल्या, सध्या काही लक्षण नाही. दोन महिने लक्ष ठेवा, ताप आला तर तत्काळ या. आज तिसरा आठवडा चालू आहे. ताप नाही. भय आहे. रोज संध्याकाळी मी थर्मामीटर लावते. विहीणबाईंचा त्यावर विश्वास नाही, त्या कपाळाला हात लावूनच बघतात. नंतर आम्ही दोघी एकमेकींकडे पाहतो आणि स्वयंपाकाला लागतो. आता पातेले उचलताना मी विचारत नाही.

साताऱ्याचा फ्लॅट अजून माझ्याच नावावर आहे, पण तिथे त्या दुपारी चूक सांगायला मला जाता आले असते असे दार नव्हते. घर म्हणजे काय, हे मला एवढेच कळले आहे, आणि तेही चुकीचे असू शकेल. म्हणून विचारते: हातून मोठी चूक घडली, तर तुम्ही सर्वांत आधी कुणाकडे जाता?