तीनचे सात

“मी तीनच टाकलेला. रजिस्टरात पन तीनच हाय,” एवढं बोलून रीटा मॅडमनी कपाटाची चावी टेबलावर ठेवली आणि त्या निघून गेल्या.

वसईत एव्हरशाईन सिटीतल्या एका पॅथॉलॉजी लॅबचे कॉम्प्युटर मी सांभाळतो. पाचूबंदरच्या रीटा मॅडम तिथल्या सर्वात जुन्या टेक्निशियन. एका आजोबांचं पोटॅशियम ३.८ आलं होतं, म्हणजे नॉर्मल. छापील रिपोर्टवर गेलं ७.८. एवढं असेल तर हृदय बंद पडू शकतं. घरच्यांनी त्यांना थेट आयसीयूत नेलं. तिथे पुन्हा रक्त तपासल्यावर चूक कळली. लॅबच्या मालक डॉक्टरांनी सगळ्यांसमोर मॅडमना विचारलं, चष्मा बदलायचा की नोकरी.

मी प्रिंटर बघायला आलो होतो. पण ती चावी बघून मागचे रिपोर्ट रजिस्टरशी ताडून पाहिले. आणखी दोन चुका निघाल्या. एकात तीनचे सात, एकात दोनचे सहा.

कॉम्प्युटर प्रत्येक आकडा छोट्या बटणांच्या रूपात साठवतो, काही चालू, काही बंद. तीन आणि सात यांच्यात एकाच बटणाचा फरक. दोन आणि सहा यांच्यात नेमका त्याच बटणाचा. माणसाची बोटं इतकी शिस्तीत चुकत नाहीत.

रॅम, म्हणजे ही बटणं असलेली कॉम्प्युटरची तात्पुरती मेमरी, तपासणारं एक फुकटचं सॉफ्टवेअर मी कायम पेनड्राइव्हवर बाळगतो. रिपोर्ट छापणारा हा कॉम्प्युटर घेतला तेव्हाच टेस्ट करू म्हटलं होतं. डॉक्टर म्हणाले होते, चालतंय ना, मग कशाला. मीही वाद घातला नव्हता. वाद घालून घालून कंटाळा येतो.

रविवारी लॅब बंद असते. सकाळी टेस्ट लावली. पहिली फेरी स्वच्छ. दुसरीही. मला स्वतःचीच शंका यायला लागली. मशीन चांगलं तापल्यावर, तिसऱ्या फेरीत लाल ओळी उमटल्या. प्रत्येक ओळीत तेच एक बटण.

डॉक्टरांना बोलावून स्क्रीन दाखवली. ते म्हणाले, “बदला ती रॅम.”

“सर, आणि मॅडम?”

त्यांनी तिथेच फोन लावला. सॉरी काही म्हणाले नाहीत. उद्या किती वाजता येताय, एवढंच विचारलं. स्पीकर चालू होता.

“आधी त्या आजोबांच्या घरी सांगा चूक कोनाची होती,” मॅडम म्हणाल्या. “मग येते.”

डॉक्टरांनी आजोबांच्या मुलाला फोन करून सगळं सांगितलं. पलीकडून बरंच ऐकावं लागलं. सोमवारी मॅडम कामावर होत्या. चष्मा तोच.

आता टेस्ट केल्याशिवाय मी कुठलंही मशीन कुणाच्या हातात देत नाही. अख्खा दिवस जातो. सगळे कटकट करतात. करू देत.