कानाला पोचलेला हात

मोठ्या लढाईच्या दिवसांत सोनईजवळच्या आमच्या वाडीत पोरांचं वय कुणी विचारत नसे. उजवा हात डोक्यावरून डाव्या कानाला टेकला, की पोर पहिलीत. माझा टेकेना. मास्तरांनी परत धाडलं, तेव्हा मी शाळेच्या पायरीवर भोकाड पसरलं.

समोर रोज शेळ्या चारणारा एक मिशाळ माणूस काठी बगलेत मारून जवळ आला. डोक्यावरून हात नेऊन त्यानं सहज स्वतःचा कान धरला.

"रडू नगं. पुढल्या साली पोचंल. माझा कवाच पोचला, पर तवा हितं साळाच नव्हती."

पुढच्या वर्षी माझा हात टेकला. मास्तरांनी मान डोलावताच मी त्याला दाखवायला बाहेर पळालो. त्यानंही हसत पुन्हा कान धरला.

"जा, बस आत."

वर्गातून वळून पाहिलं. शेळ्या लांब पांगल्या होत्या आणि त्याचा हात अजून कानावरच होता.