रेदिवीवुस वीट

अहो, लॅटिनच्या वर्गातून मी अक्षरशः पळत घरी आले! चपला पायातच. काकू ओरडली, "अगं, फरशी आत्ताच पुसलीय!" ओरडू दे.

माझे काका गवंडी. पाडलेल्या घरांच्या विटा नव्या भिंतीत बसवण्यात त्यांचा हातखंडा. विटेवर वीट ठोकायची. खणखणीत वाजली तर ठेवायची, बद्द वाजली तर राडारोड्यात. पण उजवा हात लुळा पडला आणि ते भिंतीकडे तोंड करून बसले. "मीच आता राडारोडा," म्हणायचे. असा राग यायचा मला! त्यात त्यांच्या जागी तात्पुरता आलेला नवा गवंडी मुकादम सोमवारपासून कायमचा घेणार होता.

"काका, तुमच्या विटांसाठी लॅटिनमध्ये विशेषण आहे! रेदिवीवुस! जुन्या बांधकामातून काढून पुन्हा वापरलेलं. शब्द आला कुठून यावर पंडितांचं एकमत नाही, पण त्यात 'वीवुस' ऐकू येतं ना, म्हणजे जिवंत! आणि ते नामाप्रमाणे बदलतं. रेदिवीवुस, रेदिवीवा, रेदिवीवुम. आपलं चांगला, चांगली, चांगलं, तसंच."

"त्यांच्यात वीट बाई की बुवा?"

"बुवा!"

काका चक्क हसले. "चल, मुकादमाला सांगू."

कामाच्या फाटकाशी पोचलो आणि ते थबकले. आत नवा गवंडी काळ्या विटा ट्रकमध्ये भिरकावत होता.

"अरे थांब! खणखणतायत त्या!"

"जळक्या आहेत हो."

"डोंबलाच्या जळक्या! चुलीमागची भिंत होती ती. धूर वरवर बसलाय." काकांनी डाव्या हातानं एक उचलून दुसरीवर ठोकली. टण्ण! नव्या गवंड्यानं स्वतः ठोकून पाहिली, जीभ चावली आणि काकांसाठी स्टूल आणायला धावला.

मुकादमानं ट्रक रिकामा करायला लावला. मग डोकं खाजवत म्हणाला, "काका, भिंत हा बांधेल. पण सोमवारपासून तुमच्या कानावरून गेल्याशिवाय एक वीट त्याच्या हातात जायची नाही. याल ना?"

मी तर तिथेच उड्या मारल्या! काकांचे डोळे भरून आले होते. ते लपवायला माझ्यावरच खेकसले, "नाचतेस काय? सांग ना मुकादमाला तुझं ते विशेषण. पुल्लिंगी सांग."