नवाबच्या नावाची काडी

हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मुलीला नाही. तुम्हाला का सांगतेय — ते मलाही नीट कळत नाही.

माझ्याकडे पर्शियन मांजरं आहेत. नाशिकरोडला ‘मांजरवाल्या बाई’ म्हटलं की रिक्षावाला थेट दारात आणून सोडतो. त्यातला नवाब म्हणजे माझा जीव — पांढराशुभ्र बोका, बसकं नाक, चेहऱ्यावर कायम रुसवा. शोमध्ये कप त्याने मिळवले आणि मिरवले मी. त्याच्या पिल्लांसाठी लोक थांबून राहायचे.

मग एका पशुवैद्य मॅडमनी आम्हा ब्रीडरना गोळा केलं. पर्शियन मांजरांच्या किडनीत पाण्याच्या गाठी होतात. आई-बापांपैकी एकात दोष असला तरी तो पिल्लात उतरू शकतो — त्यावर त्यांचं संशोधन चाललं होतं. तपासणीसाठी मांजराच्या गालातून कापसाची काडी फिरवायची आणि पाकिटावर त्याचं नाव घालून द्यायची. दवाखान्यात मांजरं बिथरतात, म्हणून हे ज्याने त्याने घरीच करायचं. सगळा कारभार विश्वासावर. लोक कचरत होते. उठून बोललं कोण? मीच. “अहो, लपवून काय मिळणार? आपलीच मांजरं मरतायत ना!” टाळ्यासुद्धा पडल्या.

नवाब तेव्हा वाटीमागून वाटी पाणी पीत होता — किडनी बिघडल्याची पहिली खूण. मला दिसत नव्हतं? दिसत होतं.

काडी हातात घेतली, नवाबला मांडीवर घेतलं — आणि खाली ठेवलं. मागच्या दारी दुधाच्या आशेने एक गावठी बोका यायचा. त्याला धरलं. काडी त्याच्या गालातून फिरवली. पाकिटावर लिहिलं — नवाब.

रिपोर्ट स्वच्छ आला.

आमच्यातल्याच घोटीच्या सुलभाने मात्र आपल्या बोक्याची काडी खरीखुरी दिली होती. दोष निघाला. तिने त्याचं ऑपरेशन करून घेतलं, त्याची पिल्लं कायमची बंद. रडली, पण केलं. आणि मग रिपोर्ट बघून, भरवशाने, माझ्या नवाबचं पिल्लू घेऊन गेली. मोती नाव ठेवलं.

मोती ऐन तारुण्यात खंगला. सोनोग्राफीच्या पडद्यावर किडनीच्या जागी नुसती काळी भोकं. मी शेजारीच उभी होते. मॅडम म्हणाल्या, “आई-बाप दोघंही स्वच्छ. मग हे आलं कुठून?”

सुलभा माझ्याकडे वळली. “ताई, माझंच काय चुकलं का ओ? कोरडं खाणं लय घातलं का मी?”

काडीचं तुम्ही एक वेळ समजून घ्याल. पुढचं ऐका. मी म्हणाले, “असेल गं. पाण्याकडे जरा लक्ष द्यायला हवं होतंस.”

हे मी बोलले — मी! तिच्या पाठीवरून हात फिरवत बोलले. किती सहज आलं ते तोंडातून! आजही आठवलं की अंगावर काटा येतो.

मोती गेला. पाठोपाठ नवाबही गेला. म्हातारपणाने, असं मी सांगितलं. मॅडमच्या संशोधनात तो अजून निरोगी आहे.

सुलभाने आता दुसरं मांजर आणलंय. त्याचं खाणं ती भिजवून घालते, पाण्याच्या वाटीपाशी बसून राहते. संध्याकाळी तिचा फोन येतो — “ताई, आज बरं पाणी प्यायलं. बरोबर चाललंय ना माझं?”

बरोबर चाललंय, असं मी सांगते.