जामिनाचा माणूस

माणिकप्पांचं पूर्ण नाव मला दिवाळीपर्यंत माहीत नव्हतं. लोहाऱ्याच्या जीप स्टँडवर ते नुसते माणिकप्पा. पन्नाशी उलटलेली, कपाळाला भस्माचे पट्टे, खांद्यावर पंचा. स्वतःला जरा कमी ऐकू येतं, त्यामुळे त्यांचं साधं बोलणंही भांडणासारखं वाटतं. नळदुर्गच्या हायवेला ट्रकवर क्लिनर म्हणून लागले, तिथंच ड्रायव्हर झाले, मग जुनी जीप घेतली. त्यांची बायको सारजाबाई सांगते, वरातीच्या गाडीचा ड्रायव्हर पिऊन आडवा झाला होता, म्हणून नवरदेवानंच बाशिंग बाजूला सारून गाडी घरापर्यंत आणली.

आमची फलक त्यांच्या जीपमधून उमरग्याच्या कॉलेजला जाते. बारावी सायन्स. एसटी आहे, पण एसटीची वेळ आणि प्रॅक्टिकलची वेळ कधी जुळली नाही. म्हणून आम्ही चार-पाच आयांनी मिळून ही जीप ठरवली. मुली बसल्या की माणिकप्पा पुढच्या सीटवर पुरुष पॅसेंजर घेत नाहीत. कुणी हात केलाच तर काच खाली करून ओरडतात, "ही जीप अक्कांची हाय. मागनं दुसरी येतीय." सगळ्या मुलींना ते अक्काच म्हणतात. घरात कानडी बोलणारा माणूस.

तर एका संध्याकाळी माझी शेजारीण मंजुषा आली. तिची अर्पिता फलकच्याच वर्गात आहे. चहा घ्यायलाही बसली नाही. म्हणाली, "सबिहाभाभी, स्टँडवर काय बोलतेत ऐकलं का? माणिकप्पा जामिनाचा माणूस हाय म्हणं. कोर्टात केस हाय त्याच्यावर."

"कसली केस?"

"ते कोण सांगतंय? पण मी आठवडाभर बघणार. न्हाय तर अर्पिताचं नाव काढणार."

एक मुलगी कमी झाली की दुसरी आई काढणार, मग तिसरी. जीप बंद, म्हणजे कॉलेज बंद. आमच्या सासूबाई, नसीमबी, तर संधीच बघत होत्या. "बस हुआ, छोकरी को घर में बिठा," एवढंच म्हणाल्या आणि तसबीह फिरवायला लागल्या. फलकनं ताट सरकवलं. परीक्षा तोंडावर, आणि आम्ही तिला घरी बसवायचं बोलत होतो. पण खरं असलं तर? रोज सकाळी अंधारात मी कुणाच्या ताब्यात देते लेकीला? त्या रात्री मला झोप आली नाही.

माझे पती मुनवर शिलाईचं दुकान चालवतात. ते म्हणाले, "ऐकीव गोष्टीवर कुणाच्या पोटावर पाय देऊ नको. तू बी.ए. झालीस ना, बघ शोधून."

बघते म्हटलं.

आधी पोलीस ठाण्यात गेले. जन्मात पहिल्यांदा. हवालदारांनी खुर्ची दिली, ऐकून घेतलं आणि हात जोडले. "ताई, कुणाचं रेकॉर्ड असं कुणालाबी देता येत न्हाय. चारित्र्य पडताळणीचा दाखला ज्याचा त्यानंच मागायचा असतो. पण केस कोर्टात गेली असंल तर कोर्टाच्या वेबसाइटवर नाव टाकून बघा. ते सगळ्यांना दिसतंय."

सगळ्यांना दिसतंय! हे मला कुणी आधी सांगितलंच नव्हतं. घरी येऊन मोबाईल घेऊन बसले. जिल्हा निवडायचा होता. मी आपली उस्मानाबाद शोधत वर-खाली करतेय, आणि धाराशिव डोळ्यांसमोर होतं. फलक हसायला लागली. मग कोर्ट, उमरग्याचं, मग नाव. आडनाव बिराजदार, आणि बिराजदार आमच्या भागात गल्लीगणिक आहेत. नावात एक पी की दोन पी, तेही माहीत नाही. वडिलांचं नाव पाहिजे होतं.

"त्यांच्या जीपच्या मागं लिहिलंय की," फलक म्हणाली. "शिवलिंग कृपा."

"ते देवाचं नाव आहे."

"अम्मी, देवाचं नाही, वडिलांचं. माणिकप्पामामांनी स्वतः सांगितलंय."

वर्षभर मी त्या जीपला मागून सलाम करत होते, ते त्यांच्या वडिलांना पोचत होतं तर.

नावाबरोबर वर्षही टाकावं लागतं. एकेक वर्ष मागं जात राहिले. प्रत्येक वेळी ती वाकडीतिकडी अक्षरं भरायची, चुकली की पुन्हा. काही नाही, काही नाही, दुसराच माणिकप्पा, काही नाही. आणि मग एकदम एक ओळ उघडली. महाराष्ट्र शासन विरुद्ध माणिकप्पा शिवलिंग बिराजदार. किरकोळ फौजदारी. निकाली.

फलक मागून वाकून बघत होती, तिचं हसू गेलं. महाराष्ट्र शासन, म्हणजे सगळं सरकार एका बाजूला, आणि दुसऱ्या बाजूला आपला जीपवाला. कशाबद्दल, ते तिथं नव्हतं. पूर्ण आदेश पाहिजे तर कोर्टातून नक्कल काढायची, असं मुनवरच्या ओळखीच्या वकिलांनी सांगितलं. उमरग्याला जावं लागणार होतं.

आणि उमरग्याला जायचं कशानं? दुसऱ्या दिवशी मी फलकबरोबर त्यांच्याच जीपमध्ये, पुढच्या सीटवर बसले. तिला एकटी पाठवायची हिंमत नव्हती आणि जायची तर मलाही होतंच.

"भाभी, आज कुणीकडं?" माणिकप्पांनी विचारलं. ओरडून.

"कोर्टात काम आहे जरा."

"शेताचं व्हय?"

"नाही. एक नक्कल काढायची आहे."

"मग पोचल्या पोचल्या अर्ज टाका. नक्कल विभाग मागच्या अंगाला हाय, पुढच्या दारानं जाऊ नका, तिथं नुसती गर्दी. कोर्ट फीचं तिकीट बाहेरच घ्या. जेवणाच्या सुट्टीनंतर गेलात तर उद्या या म्हणतेत."

मी खिडकीबाहेर बघत राहिले. कोर्टाची एवढी माहिती साध्या माणसाला असते का? मागं मुली सबमिशनच्या वह्यांवरून भांडत होत्या. माणिकप्पांनी खड्ड्याआधी वेग कमी केला आणि खड्ड्याला कानडीत काहीतरी बोलले. मला वाटलं मलाच बोलले.

त्यांनी सांगितलं तसंच झालं. मागचं दार, छोटी रांग. अर्जावर कारण लिहायचं होतं. मी केसमध्ये कुणीच नव्हते, म्हणून कारण नीट लिहा असं कारकूनबाई म्हणाल्या. मी लिहिलं: माझी मुलगी रोज या गृहस्थांच्या वाहनातून प्रवास करते. बाईंनी ते वाचलं, माझ्याकडे बघितलं आणि शिक्का मारला. साहेबांची मंजुरी झाली की पुढच्या सोमवारी या म्हणाल्या.

तो आठवडा मी रोज जीपबरोबर गेले आणि रोज परत आले. फलक म्हणाली, "अम्मी, तू पोलिसातच भरती हो. उंची बसेल का तेवढं बघ." मंजुषा रोज संध्याकाळी विचारायची, "आला का कागद?"

सोमवारी कागद हातात आला. मी तिथंच जिन्याच्या कठड्याला टेकून वाचायला लागले. कोर्टाची मराठी सरळ नसते, वाक्य सुरू झालं की संपतच नाही. पहिल्यांदा काही कळलं नाही. दुसऱ्यांदा वाचताना एका शब्दावर थांबले. जामीनदार माणिकप्पा शिवलिंग बिराजदार.

आरोपी नव्हे. जामीनदार!

आरोपी दुसराच होता. एक तरुण ड्रायव्हर. त्याचं नाव मी इथं रणधीर असं लिहिते, खरं वेगळं आहे. टेम्पोची धडक, एक माणूस जखमी. माणिकप्पा त्याला जामीन राहिले होते. मग तो तारखांना आलाच नाही, म्हणून कोर्टानं जामीनदाराला नोटीस काढली आणि त्या नोटिशीची ही वेगळी केस झाली. खाली लिहिलं होतं: जामीनदाराने आरोपीस स्वतः शोधून न्यायालयात हजर केले आहे, सबब नोटीस रद्द करण्यात येते.

स्टँडवर कुणीतरी म्हणालं असणार, माणिकप्पा जामीन होता. दुसऱ्या कुणीतरी ते ऐकलं आणि जामिनावर होता म्हणून सांगितलं. एका 'वर'चा फरक! मी त्या जिन्यातच हसले. शेजारून जाणाऱ्या काळ्या कोटानं वळून बघितलं. मला त्या क्षणी कुणालातरी मिठी मारावीशी वाटत होती आणि तिथं फक्त वकील होते.

परतताना कॉलेज सुटायला वेळ होता. जीप झाडाखाली उभी होती. मी जाऊन कागद सरळ त्यांच्या हातात दिला. त्यांनी लांब धरून वाचला, मग माझ्याकडे बघितलं.

"म्हणजे ही नक्कल माझीच व्हय?"

"व्हय, अप्पा."

"आन् म्या तुमाला दार बी दाखवलं." ते एवढ्या मोठ्यानं हसले की कडेचं कुत्रं उठून गेलं.

मी म्हटलं, "रागावला नाहीत ना?"

"रागवायचं काय? पोरगी तुमची हाय. म्या बी बघितलं असतं." मग म्हणाले, "पर एक सांगा, मला इचारलं असतं तर?"

"तुम्ही सांगितलं असतं?"

"न्हाय," ते लगेच म्हणाले.

मग त्यांनी सांगितलं. रणधीर पूर्वी त्यांच्या हाताखाली क्लिनर होता. पकडला तेव्हा सकाळपासून कोर्टात बसून होता आणि त्याच्यासाठी सातबारा घेऊन कुणीच आलं नाही, सख्खा चुलता पण नाही. माणिकप्पा दुसऱ्याच कामाला तिथं गेले होते. ते घरी गेले, सातबारा घेऊन परत आले. रणधीर सुटला आणि दोन-तीन तारखांनंतर भिऊन पळाला.

"मग कुठं शोधलात?"

"कुठं म्हणजे? हायवेला. ड्रायवर कुठं जातंय? नळदुर्गपासनं पार हैदराबादकडं, धाब्याधाब्याला जीप लावली. प्रत्येक धाब्यावर इचारायचं, डाव्या हातानं रोटी खाणारं पोरगं आलंय का? एका धाब्यावर भांडी घासत होतं. मला बघून लपलं, तर हात बाहेर राहिलेला. म्हटलं, बाबा, जेवून घे, मग निघू."

"मारलं नाहीत?"

"जेवताना कोण मारतंय?"

"आणि आला गुमान?"

"गुमान कुठं? उमरग्यापतूर रडत आला. म्या म्हणलं, रडून घे, कोर्टात रडू देत न्हायीत." पुढं केस आपसात मिटली, तोही सुधारला. "आता औंदा लगीन ठरलंय त्याचं. पोरीकडच्यांस्नी ह्यातलं ठावं न्हाय. म्हणून गप बसलोय. स्टँडवर कायबी बोलूंद्या."

म्हणजे स्वतःवर आलेला डाग त्यांनी तसाच ठेवला होता. आणि माझ्या हातात तो पुसणारा कागद होता, पण त्यावर रणधीरचं नाव होतं. मंजुषाला दाखवला की गावाला कळलंच समजा. न दाखवावा तर अर्पिताचं नाव उद्या निघणार. मी तसं त्यांना सांगितलं.

माणिकप्पांनी कागद परत घेतला, सीटवर ठेवला, घडी घालून बघितली. एक घडी आडवी, एक तिरकी. "असं धरा. नाव आत जातंय, माझं वर राहतंय. माझं खुशाल दाखवा."

आज संध्याकाळी मंजुषा आमच्या ओट्यावर बसून तो घडीचा कागद वाचत होती. मी कोपरा घट्ट धरून ठेवला होता.

"जामीनदार," ती म्हणाली. "म्हणजे जामिनावर न्हाय? जामीन राहिला?"

"शोधून आणलं त्याला. वाच पुढं."

तिनं वाचलं. "पण कुणाला शोधलं? घडी सोडा की भाभी."

"नाही सोडणार."

"माझ्यावर भरोसा न्हाय व्हय?"

"तुझ्यावर आहे. तुझ्या तोंडावर नाही."

ती रुसली, पण थोडाच वेळ. मग तिनं पुन्हा शेवटची ओळ बोट ठेवून वाचली आणि म्हणाली, "पळालेलं माणूस परत आणून द्यायचं म्हणजे सोपं न्हाय. अर्पिता जाईल. पण आठ दिवस पुढच्या सीटवर मी बसणार."

मी तसा फोन केला. पलीकडून माणिकप्पांचा आवाज ओट्यावर सगळ्यांना ऐकू आला. "बसू द्या की. पर वाटंत गाडी थांबवा म्हणायचं न्हाय, अक्कांचा पेपर हाय." मंजुषा तोंडाला पदर लावून हसली. आत सासूबाईंनी फलकला हाक मारून सकाळच्या डब्याला काय देऊ म्हणून विचारलं.